काकूंची वही आणि मोबाइलचा पडदा

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात मी दर रविवारी सकाळी मोबाइल शिकवायला बसते. तिथे येणाऱ्या एक काकू दोनशे पानी वही बरोबर आणतात. तीत त्यांनी विजेचं बिल भरण्याची कृती लिहून ठेवली आहे, पुरणपोळीची लिहावी तशी. ‘निळ्या चौकोनावर बोट. दुसऱ्या ओळीत बल्बचं चित्र. मग हिरवं बटण. मग पिन.’ दिवाळीच्या सुमारास त्या ॲपचं रूप बदललं. बल्ब दुसऱ्या पानावर गेला, हिरवं बटण जांभळं झालं आणि अख्खी कृती वाया गेली. काकूंनी वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, “माझंच डोकं चालेनासं झालंय गं.”

काकूंचं डोकं ठणठणीत आहे. त्यांनी वहीत काय टिपलंय ते पाहा: जागा, रंग, चित्र आणि क्रम. माणसाची स्मृती नेमकं हेच धरून ठेवते. ज्यांनी तो पडदा बदलला, त्यांनी काकूंच्या स्मृतीत मुरलेल्या चारही खुणा एका रात्रीत पुसल्या. शिकवायला लागल्यापासून ‘मला जमत नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आपलं डोळे-कान-डोकं कसं चालतं आणि त्यावरून पडद्यावरची बटणं कशी असायला हवीत, हे एकदा नीट लिहावंसं वाटलं.

यंत्र आणि माणूस जिथे एकमेकांना भेटतात त्या जागेला इंटरफेस म्हणतात. मिक्सरची कळ, लिफ्टमधली बटणं, एटीएमचा पडदा, मोबाइलवरचं ॲप, सगळे इंटरफेसच. या भेटीत यंत्र दरवर्षी नवं असतं. माणूस मात्र तोच असतो, हजारो वर्षांपूर्वीचेच डोळे आणि तेवढीच स्मृती घेऊन आलेला. म्हणून जुळवून घ्यायचं ते यंत्राने.

सुरुवात स्मृतीपासून करू, कारण तक्रारी तिथल्याच जास्त. एटीएमचा पिन चारच अंकी का, याची एक गोष्ट आहे. २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एन्फिल्ड भागात बार्कलेज बँकेने पैसे देणारं यंत्र बसवलं. ते घडवून आणणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्याकडचा, शिलाँगचा. त्यांनी सांगितलेली आठवण अशी: त्यांच्या मनात सहा अंकी क्रमांक होता, लष्करातला स्वतःचा क्रमांक त्यांना तसा पाठ होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी पत्नीला विचारलं, तर ती म्हणाली, मला चारच अंक लक्षात राहतील. चार ठरले. पिनचं पेटंट त्याआधी, १९६६ साली, जेम्स गुडफेलो यांनी घेतलं होतं, त्यामुळे श्रेयाबद्दल वाद आहेत. पण त्या बाईंनी जे सांगितलं ते पुढे शास्त्रानेही सांगितलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली एक गाजलेला निबंध लिहिला. एका वेळी माणूस डोक्यात साधारण सात गोष्टी धरतो, दोन कमी किंवा दोन जास्त, असं त्यांनी मांडलं. २००१ साली नेल्सन कोवन यांनी आधीचे प्रयोग पुन्हा तपासले आणि खरा आकडा चारच्या आसपास असल्याचं दाखवलं. मनातल्या मनात घोकण्याची किंवा गट पाडण्याची सोय काढून घेतली की आपल्या हाती चारच गोष्टी उरतात.

गट पाडणं म्हणजे काय? १८५७१९४७१९६० हा बारा अंकी आकडा एकदा वाचून पाठ म्हणून दाखवणं अवघड. पण मराठी माणसाला त्यात १८५७, १९४७, १९६० दिसले की काम संपलं: उठाव, स्वातंत्र्य, महाराष्ट्राची स्थापना. बारा गोष्टींच्या तीन झाल्या. आधी डोक्यात असलेल्या ज्ञानाला नवी माहिती अडकवता आली की तिचं ओझं हलकं होतं. आधार क्रमांक कार्डावर चार-चार-चार असा छापतात, बँकेच्या कार्डावरचे सोळा अंक चार गटांत असतात, ते याचसाठी. मोबाइल नंबर आपण पाच-पाच करून सांगतो, ते तर कुणी शिकवलेलंही नाही. आणि तरीही कित्येक फॉर्ममध्ये आधार क्रमांकाची चौकट अशी असते की बाराही अंक एका रांगेत लिहायचे, मध्ये मोकळी जागा सोडली तर ‘चुकीचा क्रमांक’ असा लाल शेरा. कार्डावर माणसासाठी पाडलेले गट फॉर्ममध्ये यंत्राच्या सोयीसाठी मोडून टाकायचे, याला माझ्या मते कसलंच समर्थन नाही. ती मोकळी जागा काढून टाकणं यंत्राला क्षणाचंही काम नाही.

ओटीपीची गोष्ट याहून बिकट. लॉइड आणि मार्गारेट पीटरसन यांनी १९५९ साली एक प्रयोग केला. लोकांना तीन व्यंजनं ऐकवायची आणि लगेच एका आकड्यापासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावायचं, म्हणजे घोकायला वाव राहू नये. अठरा सेकंदांनी विचारलं तर ती तीन अक्षरं दहातल्या जेमतेम एखाद्या वेळी आठवत. तीन अक्षरं आणि अठरा सेकंद! आता काकूंची कसरत बघा. बिलाचं पान उघडं आहे, वर संदेश झळकला, तो उघडायचा, सहा अंक वाचायचे, परत बिलाचं पान शोधायचं, त्यातली चौकट शोधायची आणि मग ते सहा अंक आठवायचे. वर शेजारी घड्याळ उलटं धावतंय. ते शोधणं म्हणजेच पीटरसन यांची उलटी मोजणी. हल्ली बरेच फोन संदेशातला ओटीपी आपणच चौकटीत भरून देतात. अलीकडच्या सुधारणांत मला सगळ्यात माणुसकीची वाटते ती ही.

इथे आपल्या भाषेचाही एक पेच आहे. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, वीस नंतर. लिहिताना मात्र आधी २ आणि मग ५. कुणी फोनवर ‘त्र्याण्णव, सत्तेचाळीस’ असा नंबर सांगत असेल, तर लिहिणाऱ्याला पहिला ऐकलेला अंक क्षणभर हातात धरून थांबावं लागतं. त्यात एकोणऐंशी म्हणजे ७९ आणि एकोणनव्वद म्हणजे ८९, हे वेगळंच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असा पर्याय आला तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, ते आठवत असेल. समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. मुलांना जोडाक्षरी नावं आणि उलटा क्रम जड जातो, हा त्यांचा मुद्दा होता. मला आपले संख्याशब्द फार प्रिय आहेत, त्र्याऐंशी म्हणताना तोंडात चव येते. पण बाईंचं निरीक्षण तेव्हाही पटलं होतं आणि काकूंना नंबर लिहून घेताना पाहिलं की अजून पटतं. संख्येचं नाव हाही आकड्याचा इंटरफेसच.

स्मृतीचं दुसरं अंग याहून महत्त्वाचं. आठवणं आणि ओळखणं यांत मोठा फरक आहे. लग्नघरात समोर आलेल्या बाईंचं नाव आठवत नाही, पण चेहरा लगेच ओळखतो. जुन्या संगणकांवर आज्ञा पाठ करून टाइप कराव्या लागत. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने ‘स्टार’ नावाचा संगणक आणला. त्याच्या पडद्यावर कागद, फाइल, टपालाची पेटी यांची चित्रं होती. आठवण्याचं काम ओळखण्यावर आणल्याबरोबर संगणक तज्ज्ञांच्या खोलीतून बाहेर पडायला मोकळा झाला.

पण याहून मोठा प्रयोग त्याच्या तीस वर्षं आधी आपल्या देशात झाला होता. १९५१च्या जनगणनेत साक्षरता होती सुमारे १८ टक्के, आणि १९५१-५२ मध्ये प्रत्येक प्रौढाने मत द्यायचं होतं. म्हणून उमेदवारांना चिन्हं दिली गेली आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली. पेटीवर चिन्ह. मतदाराने ते ओळखायचं आणि कागद त्या पेटीत टाकायचा. वाचायचं काही नाही, आठवायचं काही नाही. आजच्या मतदान यंत्रातही तोच धागा पुढे आलाय. एका यंत्रावर सोळापर्यंत नावं, नावापुढे चिन्ह, त्याच ओळीत निळं बटण. दाबलं की त्या ओळीतला लाल दिवा लागतो, लांब ‘बीप’ ऐकू येतो आणि शेजारच्या यंत्राच्या काचेआड उमेदवाराचं नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते. दृष्टिहीन मतदारांसाठी बटणांलगत ब्रेल अंक असतात. एकाच नावाचे दोन उमेदवार उभे राहिले तर गोंधळ होऊ नये म्हणून २०१५पासून छायाचित्रही लावतात. मत कुणाला द्यायचं हा तुमचा-माझा प्रश्न. पण कळ दाबल्याचं डोळ्याला, कानाला आणि बोटाला एकाच वेळी कळतं, इतका विचार मला महागड्या फोनवरच्या ॲपमध्येही सहसा दिसत नाही.

आता डोळा. हात पुढे लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. स्वच्छ, बारकाव्यांसह दिसणारा भाग साधारण त्या नखाएवढाच, म्हणजे दोन अंशांचा. बाकी सगळं अंधूक असतं. डोळा सेकंदाला तीन-चार वेळा उडी मारतो आणि मेंदू ते तुकडे जोडून आपल्याला अखंड चित्र दिसतंय असं भासवतो. त्यामुळे खालचं ‘पुढे जा’ बटण दाबणाऱ्या माणसाला वरच्या कोपऱ्यात उमटलेली बारीक लाल सूचना दिसत नाही. तो पुन्हा दाबतो, मग जोरात दाबतो. सूचना त्या बटणाशेजारीच लिहिली, तर ती नखाच्या टापूत येते.

टापूत असूनही दिसेलच असं नाही, ही पुढची गंमत. डॅनियल सायमन्स आणि क्रिस्टोफर चॅब्रिस यांनी १९९९ साली लोकांना चेंडू टाकणाऱ्या खेळाडूंची चित्रफीत दाखवली आणि चेंडू किती वेळा टाकला ते मोजायला सांगितलं. मधूनच गोरिलाचा पोशाख घातलेली व्यक्ती चालत गेली, थांबून छाती बडवून गेली. सुमारे निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. डोळे पडद्यावरच होते, लक्ष मोजण्यात होतं. बिल भरताना वर जाहिरात, मध्ये कॅशबॅकची फिरती चकती, खाली कर्जाचं आमंत्रण असं सगळं असलं की खरं बटण गोरिलासारखं हरवतं.

आणि मग वय. जवळचं वाचायच्या चष्म्याला आपल्या भाषेने ‘चाळिशी’ हेच नाव दिलंय, इतकं ते सगळ्यांच्या वाट्याला येणारं आहे. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होतं, पिवळसर होतं, आत उजेड कमी पोचतो. पांढऱ्यावर फिक्या करड्या रंगाची अक्षरं पंचविशीतल्या डिझायनरला नाजूक वाटतात, सत्तरीतल्या माणसाला ती तिथे नसतातच. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत नेहमीच्या आकाराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान ४.५ ला १ एवढा फरक हवा असं लिहिलंय. रंगाचंही तेच. लाल-हिरव्यात फरक न कळणारे पुरुष युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ८ टक्के आहेत. रंगाबरोबर शब्द किंवा खूण दिली तर कुणीच अडत नाही.

देवनागरीचं दुखणं आणखी निराळं. रोमन अक्षरं मापून बटणाची उंची ठरवतात आणि मग त्यात मराठी कोंबतात. वरचा रफार कापला जातो आणि ‘मार्ग’चा ‘माग’ होतो. खालचे उकार पुढच्या ओळीत घुसतात. आपल्या लिपीत अर्थ शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या खालीही असतो, तेव्हा दोन ओळींत जास्त हवा लागते. हे ठाऊक असलेलं कुणी त्या टेबलाशी बसलेलं असायला हवं.

कानाचं उत्तम उदाहरण मंडईत मिळतं. भाजीवाल्या मावशींचे हात कोथिंबिरीत, डोळे काट्यावर, समोर चार गिऱ्हाइकं. पैसे आले का, हे फोनवर बघायला हात आणि डोळे दोन्ही मोकळे नाहीत. कान मोकळा आहे. म्हणून तो लहानसा डबा मोठ्याने ‘साठ रुपये प्राप्त झाले’ म्हणतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली मांडलं होतं की तात्पुरत्या स्मृतीत ऐकलेल्या शब्दांसाठी आणि पाहिलेल्या आकृतींसाठी वेगवेगळ्या जागा असतात. एक भरलेली असली तरी दुसरीला काम सांगता येतं. त्या डब्याने तेच केलं.

लक्षाची एक खोड मात्र फार महागात पडते. हेतू साधला की मन तिथून निघून जातं. एटीएमकडे आपण पैशांसाठी जातो. पैसे हातात पडले की मनाच्या लेखी काम संपतं आणि कार्ड यंत्रातच राहतं. मायकेल बर्न आणि सुसान बोव्हेअर यांनी १९९७ साली प्रयोगशाळेत दाखवलं की मूळ काम उरकल्यानंतरच्या पायऱ्या विसरल्या जातात आणि डोक्यावर ताण असेल तर जास्तच. यावर उपाय साधा निघाला: कार्ड आधी परत द्यायचं, पैसे नंतर. ‘कार्ड विसरू नका’ अशी पाटी लावून जे झालं नसतं, ते क्रम बदलून झालं.

सवयीचा असाच गैरफायदा घेणारेही आहेत. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. पण रोज पिनची चौकट दिसली की बोटं आपोआप अंक टाकतात. भामटा म्हणतो, ‘तुम्हाला पाच हजार पाठवतोय, पिन टाका’, आणि पैसे जातात. आमच्या संघात दोघांचे असे गेले. दोघंही शिकलेली, हिशेबाला पक्की माणसं. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहितो: ‘पिन म्हणजे पैसे जाणार.’

वेळेबद्दल थोडक्यात. दहावा हिस्सा सेकंदात उत्तर आलं तर आपल्याला वाटतं, आपल्याच बोटाने ते घडलं. एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते. दहा सेकंदांपुढे मन दुसरीकडे जातं. १९६८ साली रॉबर्ट मिलर यांनी अशी मापं मांडली, ती आजही लागू पडतात. पैसे पाठवल्यावर नुसतं चाक फिरत राहिलं की घालमेल होते आणि माणूस पुन्हा पाठवतो. ‘थांबा, पुन्हा पाठवू नका’ एवढे शब्द तिथे हवेत.

शेवटी हात. पॉल फिट्स यांनी १९५४ साली एक सूत्र दिलं: एखाद्या जागी बोट न्यायला लागणारा वेळ ती किती लांब आहे आणि किती लहान आहे यावर ठरतो. लांब आणि बारीक बटण म्हणजे उशीर आणि चूक दोन्ही. फोन एका हातात धरला की अंगठा खालच्या भागात सहज फिरतो, वरच्या कोपऱ्यात ताणावा लागतो. थरथरणाऱ्या बोटांना तर बटणाभोवती मोकळी जागा जीवनावश्यक.

याच फिट्स यांनी रिचर्ड जोन्स यांच्याबरोबर १९४७ साली वैमानिकांच्या ४६० ‘चुका’ तपासल्या होत्या. सगळ्यात मोठा गट निघाला एका कळीऐवजी दुसरीच दाबण्याचा. त्याच्या चार वर्षं आधी, दुसरं महायुद्ध चालू असताना, आल्फॉन्स चपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाला बी-१७ या बॉम्बफेकी विमानांचं कोडं सोडवायला सांगितलं होतं. वैमानिक सुखरूप उतरत आणि धावपट्टीवर आल्यावर स्वतःच चाकं आत ओढून घेत. विमान पोटावर आपटे. कागदोपत्री नोंद होई: वैमानिकाची चूक. चपॅनिस कॉकपिटमध्ये जाऊन बसले. पंखांच्या झडपांची कळ आणि चाकांची कळ शेजारी-शेजारी, हुबेहूब सारख्या. सी-४७ विमानात त्या तशा नव्हत्या, आणि ते वैमानिक अशी चूक करत नव्हते. चपॅनिस यांनी चाकांच्या कळीला लहानसं रबरी चाक बसवलं आणि झडपांच्या कळीला पाचरीच्या आकाराचा तुकडा. अंधारात, थकलेल्या बोटांनाही आता कळायचं की हातात काय आहे. ती गल्लत जवळपास थांबली. प्रवासी विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ आजही चाकाच्या आकाराची असते.

ही गोष्ट मी गेल्या रविवारी काकूंना सांगितली आणि फोनवर एका प्रवासी विमानाच्या कॉकपिटचा फोटो शोधून दिला. शेकडो दिवे, कळा, आकडे. त्यांनी चाळिशी लावली, फोटो दोन बोटांनी मोठा केला, इकडून तिकडे सरकवला आणि मी काही बोलायच्या आत त्या मुठीवर बोट ठेवलं. मग वहीचं नवं पान काढून लिहायला लागल्या: ‘जांभळं बटण. उजवीकडे खाली.’